पावसात ट्रॅकवर जायचंय: साधा टायर, स्पोर्ट टायर की सेमी-स्लिक?

साताऱ्या-सांगलीकडून बरीच पोरं आता ट्रॅक डेला, म्हणजे फी भरून रेसच्या ट्रॅकवर आपलीच गाडी पळवायला, जायला लागलीत आणि प्रश्न नेहमी एकच येतो, की कोरड्यात काय घालायचं ते सगळे सांगतात पण पाऊस असला तर काय. माझं मत आधीच सांगून टाकतो. गाडी स्वतः चालवत नेणार आणि त्याच टायरवर घरी येणार असाल तर अल्ट्रा हाय परफॉर्मन्सवाला स्पोर्ट टायर घ्या, म्हणजे मिशेलिन पायलट स्पोर्ट 4 च्या वर्गातला, पूर्ण नक्षीचा आणि कंपनीनं दिलेल्या साइजमध्येच. तेवढं बजेट नसेल तर नवा साधा टुरिंग टायर घ्या, पण कुणाचा तरी अर्धा घासलेला भारी टायर स्वस्तात मिळतोय म्हणून उचलू नका. सेमी-स्लिक, म्हणजे अगदी कमी खाचांचा आणि मऊ रबराचा टायर, पावसासाठी नकोच.

आधी पाऊस कुठला ते बघा. आपल्याकडं जून ते सप्टेंबर, दसऱ्याला आपण छत्र्या ठेवून देतो, पण तामिळनाडूत ऑक्टोबर ते डिसेंबर हा मोठ्या पावसाचा काळ असतो, आणि कोइमतूरचा कारी मोटर स्पीडवे काय किंवा चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक काय, दोन्ही तिकडंच. म्हणजे इथं ऊन पडलंय म्हणून कोरड्याचे टायर घालून निघालात तरी तिकडं ओला ट्रॅक मिळू शकतो. साताऱ्यातून दोन्ही ठिकाणं हजार किलोमीटरच्या वर आहेत आणि जाताना शेंद्रे ते कागल सहापदरीकरणाच्या कामातली डायव्हर्जन, त्यात साचलेलं पाणी, उसाच्या ट्रॅक्टरनं रस्त्यावर आणलेला काळा चिखल हे सगळं त्याच टायरनं पार करायचंय. कोल्हापूरजवळ मोहिते रेसिंगचा ट्रॅक आहे, जवळ पडतो, पण तो लहान आहे, तिथं स्पीड फार वाढत नाही त्यामुळं तिथल्या अनुभवावरून मोठ्या ट्रॅकचे टायर ठरवू नका.

आता मुख्य मुद्दा, आणि इथंच बहुतेकांची गल्लत होते. ओल्यात टायरला दोन वेगळी कामं करायची असतात. एक म्हणजे पाणी बाजूला काढायचं, आणि दुसरं म्हणजे पाणी गेल्यावर जे ओलसर डांबर खाली उरतं त्याला धरायचं. पहिलं काम नक्षीचं, म्हणजे खाचा किती खोल आणि किती रुंद. दुसरं काम रबराचं, म्हणजे कंपाउंडचं. ट्रॅकला उतार चांगला असेल, पाणी वाहून जात असेल आणि वर नुसता पातळ थर असेल तर कंपाउंड जिंकतं. जिथं पाणी साचतं, ब्रेकिंग झोनमध्ये डबकी होतात, तिथं कंपाउंड कितीही भारी असू दे, टायर डांबराला टेकतच नाही तर धरणार काय. म्हणून कुठला टायर चांगला हे विचारायच्या आधी ट्रॅकवर पाणी किती साचतं हे आधी तिथं जाऊन आलेल्याला विचारा.

टायर पाण्यावर तरंगायला लागतो त्याला अ‍ॅक्वाप्लेनिंग म्हणतात. त्याचं नासानं विमानांच्या टायरवरून काढलेलं एक ढोबळ सूत्र आहे, त्यात तरंगण्याचा स्पीड हवेच्या प्रेशरच्या वर्गमुळावर जातो. 32 पीएसआयला साधारण 94 किमी ताशी येतो, 36 ला साधारण 100. कारच्या टायरचा जमिनीला टेकणारा भाग लांबीच्या मानानं विमानाच्या टायरपेक्षा रुंद आणि आखूड असतो, त्यामुळं हा आकडा तसाच्या तसा धरू नका, आणि खाचांमधून निघून जाईल त्याच्यापेक्षा जास्त पाणी असेल तेव्हाच तो लागू होतो. पण त्यातून दोन गोष्टी पक्क्या कळतात. पावसात हवा कमी करणं चुकीचं, आणि शंभरच्या आसपास जिथं तुम्ही सहज जाता तिथंच हा धोका बसलेला असतो, त्याला दीडशेची स्ट्रेट लागत नाही.

आता एकेक पर्याय.

साधा टुरिंग टायर, म्हणजे स्विफ्ट, आय20, बलेनोला कंपनीतून येतो त्या जातीचा किंवा अपोलो अल्नॅक, मिशेलिन प्रायमसी असले. याला लोक उगाच कमी लेखतात. नवा असताना सात-आठ मिमी खोली असते, खाचा भरपूर असतात, त्यामुळं पाणी काढायला हा वाईट नाही. कमी पडतो तो रबरात आणि साइडवॉलमध्ये. कोपऱ्यात गाडी टाकली की साइडवॉल आधी झुकते मग गाडी वळते, स्टिअरिंगला उशिरा कळतं, आणि पकड सुटायला लागते ती पण लवकर. पण सुटते ती हळूहळू, आवाज करत, सांगून सुटते, आणि नव्या माणसाला पावसात हे फार उपयोगाचं आहे कारण कमी स्पीडलाच सगळं शिकायला मिळतं. शिवाय ओल्यात टायर थंड राहतो त्यामुळं कोरड्या ट्रॅकवर याच टायरच्या कडा जशा भाजून निघतात तसं इथं होत नाही, घासणंही कमी. पहिल्यांदाच जाणार असाल आणि तुमचे हे टायर जेमतेम एक पावसाळा बघितलेले असतील तर काही विकत घेऊ नका. ते पैसे ट्रॅकची फी, इन्स्ट्रक्टर आणि ब्रेक फ्लुइडला लावा.

स्पोर्ट टायर. पायलट स्पोर्ट 4 चं नाव मी घेतो कारण ओल्यातला त्याचा लौकिक मोठा आहे, पण त्याच वर्गात दुसऱ्या कंपन्यांचेही चांगले टायर आहेत आणि तुमच्या साइजला जो मिळतो तो बघावा लागतो. यातली खरी किमया सिलिकाची. रबरात नुसता कार्बन ब्लॅक असण्याऐवजी सिलिका घातली की ओल्या डांबरावरची पकड वाढते आणि तरी टायर इंधन फार खात नाही, आणि असं कंपाउंड थंडातही काम करतं. पावसात हीच मोठी गोष्ट आहे. टायर तापायची वाट बघावी लागत नाही, पिटमधून बाहेर पडल्यावर पहिल्या कोपऱ्यालाच पकड असते. साइडवॉल कडक त्यामुळं समोरचं चाक काय करतंय ते हाताला कळतं. टायरभर गोल जाणाऱ्या लांब खाचा रुंद, त्यामुळं पाणी पण चांगलं निघतं. तोटे सांगायचे तर महाग आहे, शहरातल्या खड्ड्यांत साइडवॉलला जपावं लागतं, आणि ट्रॅक मध्येच वाळला तर नवीन खोल नक्षीचे ब्लॉक कोरड्यात हलायला लागतात, तापतात आणि कडेनं तुकडे उडू शकतात. ट्रॅक वाळतोय असं दिसलं की जोर कमी करा आणि स्ट्रेटला मुद्दाम ओल्या पट्ट्यावरून जा, टायर गार राहतो.

पंधरा-सोळा इंची गाड्यांना एक अडचण आहे. या वर्गातले बहुतेक साइज सतरा आणि त्याच्या पुढं असतात, आणि जून 2020 मध्ये केंद्रानं टायरची आयात रिस्ट्रिक्टेड यादीत टाकल्यापासून बाहेरच्या टायरना परवान्याची भानगड आली, त्यामुळं दुकानदार मागवतो म्हणतो आणि वाट बघत बसावं लागतं. ट्रॅक डेच्या तारखेच्या बरंच आधी विचारायला सुरुवात करा. आणि कमी खपणारा साइज असेल तर तो दुकानात कधीचा पडलाय ते बघा. साइडवॉलवर चार आकडे असतात, 2324 म्हणजे 2024 सालचा तेविसावा आठवडा. जुनं रबर वाळल्या खोबऱ्यासारखं कडक होतं, नक्षी अख्खी दिसते पण ओल्यात धरत नाही. दोन वर्षांच्या पुढचा टायर नव्याच्या किमतीत मी तरी घेणार नाही.

आता सेमी-स्लिक, टोयो आर888आर सारखे. कोरड्यात याला तोड नाही हे मान्यच. त्याचा ट्रेडवेअर आकडा, म्हणजे टायर किती टिकतो त्याचा साइडवॉलवरचा आकडा, 100 आहे, पायलट स्पोर्ट 4एस चा 300, यावरून रबर किती मऊ ते ढोबळ समजतं. मग मऊ रबर ओल्यात जास्त धरेल ना, असं वाटतं. पण ते मऊ रबर चिकट होतं तापल्यावर, सत्तर-ऐंशी डिग्रीच्या वर गेल्यावर, आणि पाऊस टायरला तिथपर्यंत जाऊच देत नाही, दर फेरीला धुऊन गार करतो. वर खाचा कमी, मधला पट्टा जवळपास सलग, म्हणजे पाणी निघायला वाट नाही. ट्रॅक नुसता दमट असेल, ऊन येऊन गेलं असेल तर हे टायर बऱ्यापैकी चालतात, खोटं कशाला सांगू. पण खरा पाऊस आला की पकड सुटते ती एकदम सुटते, काही न सांगता. आणि हे सगळं ट्रॅकवरचं, हायवेनं घरी यायचंय ते वेगळंच. रात्री पावसात धारवाड-बेळगाव करत असल्या टायरवर येणं मी कुणालाच सांगणार नाही. सेमी-स्लिक हवेतच तर वेगळ्या रिमवर घ्या आणि पावसासाठी स्पोर्ट टायरचा दुसरा सेट ठेवा.

रेसिंगचे खास पावसाळी टायर पण असतात, खूप मऊ आणि खोल खाचांचे. फॉर्म्युला वनमध्ये पिरेलीचा निळ्या पट्टीचा फुल वेट टायर 300 च्या स्पीडला सेकंदाला 85 लिटर पाणी बाजूला काढतो आणि हिरव्या पट्टीचा इंटरमीजिएट 30 लिटर, म्हणजे खाचांनी काय फरक पडतो बघा. पण असले टायर रस्त्यावर चालवायचे नसतात, ट्रॅक वाळला की थोड्या फेऱ्यांत खराब होतात. गाडी ट्रेलरवर नेणाऱ्यांचा विषय आहे तो, आपला नाही.

रुंदीबद्दल लय जण हट्ट करतात. 195 मिमी रुंदीचा टायर काढून 215 चा घातला की पकड वाढणार म्हणे. कोरड्यात थोडीफार वाढेल, पण ओल्यात उलटं होतं. गाडीचं वजन तेवढंच, प्रेशर तेवढंच, म्हणजे टेकणारा भाग रुंद झाला की लांबीला आखूड होतो. रुंद टायरला समोरचं पाणी जास्त सारावं लागतं आणि ते सारायला वेळ कमी मिळतो. पावसासाठी कंपनीचा साइज बरोबर आहे, त्यातच चांगलं रबर शोधा.

साइडवॉलवरच्या ग्रेडवर किती विश्वास ठेवायचा? ट्रॅक्शन एए किंवा ए लिहिलेलं असतं, ते सरळ रेषेत ओल्या रस्त्यावर चाक लॉक करून मोजतात. कोपऱ्यातली पकड त्यात नाही, तरंगणं पण नाही. युरोपच्या लेबलवरचा वेट ग्रिपचा ग्रेड चांगला, पण तोही साधारण मिलिमीटरभर पाण्यावरच्या ब्रेकिंगचा. ट्रेडवेअर तर प्रत्येक कंपनी स्वतःच ठरवते, त्यामुळं दोन कंपन्यांच्या आकड्यांची तुलना सैल हातानं करा.

नक्षीचं म्हणाल तर कायद्यानं 1.6 मिमी चालते, जर्मनीचा एडीएसी क्लब उन्हाळी टायरला 3 मिमी सांगतो, आणि पावसात ट्रॅकवर जायला माझ्या मते 5 च्या खाली असेल तर विचार करा. गोटा व्हायला आलेला टायर सेमी-स्लिकच झाला, फक्त मऊ रबराशिवाय. दोनशे-चारशे रुपयांचा डेप्थ गेज घ्या आणि आतल्या कडेला पण मोजा, अलाइनमेंट बिघडलेली असेल तर बाहेरून टायर छान दिसतो आणि आतून संपलेला असतो. चारच्या चार एकसारखे हवेत. दोनच नवे घेणार असाल तर ते मागं टाका. आपल्या बहुतेक गाड्या पुढच्या चाकांवर चालतात म्हणून टायरवाला पण नवे पुढं टाकू म्हणेल, पण ओल्यात मागचं चाक आधी तरंगलं तर गाडी फिरते आणि ती सावरणं नवशिक्याच्या हातात राहत नाही. पुढचं सुटलं तर निदान गाडी सरळ जाते आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडून परत आणता येते.

घेतल्यावर ट्रायल म्हणून यवतेश्वर किंवा पसरणी घाटात जोर करून बघू नका. तिथं धुकं, दरडीचे दगड आणि समोरून एसटी. नुसते दोनेकशे किलोमीटर सरळ हायवेला शांतपणे चालवून वरचा गुळगुळीत थर घालवा, तेवढं बास.

ट्रॅकवर पोचल्यावर हवा दारावरच्या स्टिकरच्या आकड्यावर किंवा त्याच्या दोनेक पीएसआय वर ठेवून सुरू करा. कोरड्यात टायर तापून प्रेशर चार-पाच पीएसआय चढतं म्हणून थंड असताना कमी ठेवतात, ओल्यात ते तेवढं चढत नाही. पहिल्या सेशननंतर लगेच चारही चाकं मोजून वहीत लिहा. कोपऱ्यांत रोजच्या रेसिंग लाइनवर रबर बसलेलं असतं आणि पाणी पडलं की तेच सगळ्यात गुळगुळीत होतं, त्यामुळं एक गाडीभर बाहेरून जाऊन बघा, ट्रॅकच्या कडेच्या रंगवलेल्या कर्बवर चाक घालू नका, आणि ईएसपी, म्हणजे गाडी घसरायला लागली की आपोआप सावरणारी यंत्रणा, चालूच ठेवा.