पाच बोटांचे हातमोजे की मिटन?

निफाडचा पारा घसरला की नाशिककर लोकरी हातमोजे काढतात. गंगापूर रोडवर पहाटे गाडी चालवायला ते पुरतात, पण गुलमर्गला स्नोबोर्ड (पायाला बांधून बर्फावरून घसरायची फळी) शिकायला ते नेऊ नका. नवशिक्याचा अर्धा वेळ बर्फात बसण्यात आणि हात टेकून उठण्यात जातो. लोकर तासाभरात भिजते.

दोन हजारांच्या आत पाहायचं तर मिटनच जास्त ऊबदार. त्यात अंगठा वेगळा आणि चार बोटं एकाच पिशवीत, एकमेकांची ऊब राखतात. त्याच पैशांतले पाच बोटांचे मोजे एवढी ऊब देत नाहीत. मात्र बोर्डाचे पट्टे आवळताना, चेन ओढताना मिटन वैताग आणतात. दर वेळी काढले तर आत बर्फ शिरतोच. आतून पातळ हातमोजे घातले की हे बरंच निभतं, फक्त सुती नकोत.

बोटं लवकर गार पडत नसतील तर पाच बोटांचे घ्या. मी मिटन घेईन.

‘वॉटरप्रूफ’ शब्दावर भुलू नका. आत पाणी अडवणारं अस्तर आहे का ते विचारा. घरी हातमोजा घालून मनगटापर्यंत हात पाच मिनिटं पाण्याच्या बादलीत धरा, आत ओल येते का पाहा. दुकानदाराला बदलून देण्याबद्दल आधीच विचारलेलं बरं.