रायझरमधलं रॉ मील: लॅग्रांजियन की टू-फ्लुइड?

चंद्रपूरकडच्या एका सिमेंट कारखान्याच्या प्रीहीटरसाठी, म्हणजे गरम वायूनं रॉ मील (सिमेंटची कच्ची भुकटी) तापवणाऱ्या मनोऱ्यासाठी, मी दोन्ही मॉडेलं संगणकावर चालवली; रायझर म्हणजे त्यातला वायू वर नेणारा उभा पाइप. हौस म्हणून नाही. पहिलं फसलं म्हणून दुसरं.

पहिलं होतं टू-फ्लुइड: वायू आणि मील हे एकमेकांत मिसळलेले दोन प्रवाह (फेज) धरायचे. ८५० अंशांना एक घनमीटर वायू भरतो जेमतेम ३००-३५० ग्रॅम, आणि त्यात जवळपास तेवढ्याच वजनाचं मील असतं. म्हटलं, एवढा माल आहे तर प्रवाह दाटच धरू. चूक तिथेच झाली. वजनाला बरोबरी असली तरी आकारमानात मील दहा-हजाराव्या भागाच्या आसपास. वायूला ते ढकलतं, थंडही करतं, म्हणून टू-वे कपलिंग (वायूचा कणांवर आणि कणांचा वायूवर, दोन्ही परिणाम मोजणं) हवंच. पण कण एकमेकांवर फारसे आपटत नाहीत, म्हणजे प्रवाह दाट नव्हे, विरळच.

तरी मी रेटलं असतं. वैताग आणला तो मील पडण्याच्या जागेनं. वरच्या सायक्लोनमधून (वायू गरगर फिरवून मील वेगळं काढणाऱ्या भांड्यातून) आलेलं मील आधी खाली पडतं, मग वायू त्याला उचलतो. म्हणजे एकाच सेलमध्ये (हिशेबासाठी पाडलेल्या जागेच्या एका बारीक तुकड्यात) काही कण खाली निघालेले, काही वर. टू-फ्लुइडमध्ये एका फेजला एका सेलमध्ये वेग एकच! दोघांची सरासरी जवळपास शून्य, आणि स्क्रीनवर मीलचा ढग अधांतरी लटकलेला. मेश (सेलची जाळी) बारीक केली, ड्रॅग मॉडेल (वायू कणाला किती ओढतो त्याचं सूत्र) बदललं, ढग हलेना. आकारानुसार तीन फेज केल्या, तर रन कन्व्हर्ज होईना, उत्तर स्थिरावेचना.

दुसरं लॅग्रांजियन, म्हणजे कणांचा सुटा सुटा माग काढणारं; त्यात हा प्रश्नच उरत नाही, प्रत्येक पार्सल (सारख्या कणांचा गठ्ठा) आपल्या वाटेनं जातं. कणांच्या आकाराचा १ ते २०० मायक्रॉनचा पसारा रोझिन-रॅमलर सूत्राच्या एका वाटपात बसतो. कुरबुरी इथेही आहेतच. पार्सलं कमी पडली की सेलचं तापमान उड्या मारतं, आणि सायक्लोनमध्ये बारीक कण गोल गोल फिरत राहून ‘इन्कम्प्लीट’च्या (माग अर्धवट राहिलेल्यांच्या) रकान्यात जमा होतात. पार्सलं वाढवून आणि माग काढण्याच्या स्टेप्सची मर्यादा सैल करून माझं तरी भागलं. कण आणि वायू यांच्यातल्या उष्णतेसाठी रॅन्झ-मार्शलचं सूत्र दोन्हीकडे तेच, त्यात डावं-उजवं करण्यासारखं काही नाही.

फ्लुइडाइज्ड बेड (खालून वायू सोडून खदखदवलेला कणांचा दाट थर) असेल तर मात्र माझं ऐकू नका. आकारमानात कणांचा वाटा १०-१२ टक्क्यांवर गेला की साधं लॅग्रांजियन विश्वासाचं राहत नाही. तिथे टू-फ्लुइडच बरं, किंवा मधला मार्ग म्हणून ओपनफोम या मोफत सॉफ्टवेअरमधलं एमपी-पीआयसी, जे पार्सलांचा माग काढतं पण त्यांची दाटी मेशवर मोजतं. रायझरसाठी मात्र आधी कपलिंग बंद ठेवून कण कुठे जातात ते पाहा, मग चालू करा. आणि स्प्लॅश बॉक्सची (रायझरमध्ये पडणारं मील पसरवणाऱ्या खोक्याची) पट्टी भूमितीतून गाळू नका, मी एकदा गाळली होती.