उभ्या गाडीत बॅटरी उतरते तेव्हा: गळती शोधण्याच्या तीन पद्धती

चार दिवस उभी असलेली गाडी सुरू होत नाही आणि बॅटरी बदलूनही आठवड्याभरात तेच घडते, तेव्हा गाडी बंद असताना करंट कुठेतरी वाहतो आहे असा संशय घ्यावा लागतो. घड्याळ, रिमोट लॉक, चोरीविरोधी यंत्रणा यांना थोडा करंट लागतोच. साधारण ५० मिलिअँपिअरपर्यंतचा वापर बहुतेक गाड्यांत स्वाभाविक धरतात. त्या वेगाने ४५ अँपिअर-अवरची बॅटरी निम्मी व्हायला अठरा-एकोणीस दिवस लागतात. अर्धा अँपिअर जात असेल, तर दोन दिवसही लागत नाहीत.

सर्वांत परिचित पद्धत म्हणजे निगेटिव्ह केबल सोडवून ती केबल आणि बॅटरीचे टर्मिनल यांच्यामध्ये मल्टिमीटर लावणे आणि मग एकेक फ्यूज काढत आकडा कधी उतरतो ते पाहणे. साधा मीटर पुरतो आणि आकडा थेट मिळतो, म्हणून मारुती ८०० सारख्या जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीसाठी मी आजही हीच पद्धत सुचवेन. नव्या गाडीत मात्र केबल सोडताच अडकलेला रिले (विजेवर चालणारा स्विच) सुटू शकतो, झोपी न जाणारे, म्हणजे गाडी बंद केल्यावरही जागे राहणारे, कंट्रोल युनिट (गाडीतला छोटा संगणक) नव्याने सुरू होते आणि नेमका तो दोषच नाहीसा होतो. शिवाय फ्यूज परत बसवला की युनिट्स पुन्हा जागी होतात, आणि ती शांत व्हायला काही गाड्यांत अर्धा तास किंवा त्याहूनही अधिक वेळ लागतो. मीटर जोडलेला असताना स्टार्टर मारला, तर मीटरचा १० अँपिअरचा फ्यूज उडतो. ती चूक एकदाही होऊ देऊ नये.

दुसऱ्या पद्धतीत काहीच सोडवायचे नसते. पात्याच्या (ब्लेड) फ्यूजच्या माथ्यावर धातूचे दोन उघडे ठिपके असतात. त्यांवर मीटरच्या पिना टेकवून मिलिव्होल्ट मोजायचे. फ्यूजमधून करंट वाहत असेल, तर त्याच्या अल्पशा रोधामुळे व्होल्टेजमध्ये किंचित फरक पडतो. १० अँपिअरच्या नेहमीच्या आकाराच्या फ्यूजवर १ मिलिव्होल्ट दिसला, तर त्यातून अंदाजे १३० मिलिअँपिअर वाहत आहेत. इतर फ्यूजांसाठी तक्ते मिळतात. मीटर ०.१ मिलिव्होल्ट दाखवणारा हवा, एवढीच अट आहे. बॉनेट आणि दार उघडे ठेवावे लागते, म्हणून त्यांचे लॅच स्क्रूड्रायव्हरने आधीच बंद करून गाडी लॉक करावी, अर्धा-पाऊण तास थांबावे आणि मगच मोजायला घ्यावे. दार मिटण्याआधी लॅच पुन्हा उघडायला विसरू नये. ज्यांच्या गाडीत इलेक्ट्रॉनिक्स भरपूर आहे आणि ज्यांना घरीच शोध घ्यायचा आहे, त्यांनी निःशंकपणे ही पद्धत निवडावी, कारण गाडीला न उठवता मोजता येणे हे इथे अचूक आकड्यापेक्षा मोलाचे आहे.

तिसरी पद्धत डीसी क्लॅम्प मीटरची. तारेभोवती जबडा अडकवून करंट मोजणारा हा मीटर बॅटरीच्या केबलभोवती अडकवला की काम होते. पण घरगुती वायरिंगसाठी वापरले जाणारे अनेक क्लॅम्प मीटर फक्त एसी करंट मोजतात, आणि १० मिलिअँपिअर किंवा त्याहून बारीक फरक दाखवणारा डीसी क्लॅम्प महाग पडतो. प्रत्येक वेळी त्याचा शून्य नीट साधावा लागतो, नाहीतर आकडा फसवतो. एकाच गाडीसाठी तो विकत घेणे मला पटत नाही. गॅरेज चालवणाऱ्याने मात्र घ्यावाच.

फ्यूजवरून मोजताना एक जागा हमखास सुटते. अल्टरनेटरचा (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राचा) डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, बिघडला, तर करंट त्याच्या जाड केबलमधून परत जातो आणि लहान फ्यूजांवर काहीच दिसत नाही. अशा वेळी त्या केबलला क्लॅम्प लावावा, किंवा निगेटिव्ह केबल आधी सोडवून अल्टरनेटरची जाड वायर काढावी, तिचे टोक इन्सुलेशन टेपने झाकावे आणि पहिल्या पद्धतीने गळती थांबली का ते पाहावे. मागाहून बसवलेला रिव्हर्स कॅमेरा, डॅशकॅम किंवा ट्रॅकरही फ्यूज बॉक्सला वळसा घालून थेट बॅटरीवर जोडलेला असू शकतो, म्हणून बॅटरीच्या टर्मिनलवरच्या जादा वायरी सर्वांआधी तपासून घ्याव्यात.