सोसायटीच्या गच्चीवर सोलर: एका वर्षाचा अनुभव

५ पैकी ४ स्टार. कोल्हापुरात नागाळा पार्कात आमची २० फ्लॅटची सोसायटी आहे, लिफ्ट, पाण्याची मोटर आणि पार्किंगच्या लाईटसाठी १० किलोवॅटचं सोलर बसवून वर्ष झालं. बसवणाऱ्यांचं नाव देत नाही, कारण एक तक्रार पण आहे.

आधी मीटिंगमध्ये लई चर्चा झाली. एकजण म्हणाले छोटी पवनचक्की लावूया, पण साताऱ्याकडं चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पवनचक्क्यांच्या पठारावर लागतंय तसलं वारं बिल्डिंगांच्या गर्दीत कुठनं येणार. बायोगॅस पण निघाला, चांगलाच आहे ओ, पण २० घरांच्या ओल्या कचऱ्यावर एखादी शेगडी पेटंल, लिफ्ट नाही चालायची. मग सोलरच ठरलं, त्यात पीएम सूर्यघर ह्या केंद्राच्या योजनेतून सोसायटीला किलोवॅटमागं १८,००० रुपये सबसिडी मिळते.

तीन कोटेशनं आली. सगळ्यात स्वस्तवाल्याला अख्खी गच्ची बुटक्या स्ट्रक्चरनं झाकायची होती. ज्यांना काम दिलं त्यांचा माणूस मात्र दोन तास मीटिंगला बसला आणि प्रत्येकाचं ऐकून वहीत लिहून घेत होता, मला तिथंच पटलं. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी विचारलं, "चटणीच्या मिरच्या कुठं वाळवायच्या रे बाळा?" त्यानं पॅनेल आठ फूट उंच घेतली आणि पूर्वेकडचा पट्टा मोकळा सोडला, यंदा बायका पॅनेलच्या सावलीत बसून देठं काढत होत्या आणि मिरच्या शेजारी उन्हात.

दुसरं म्हणजे इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची डीसी वीज लिफ्ट-मोटरला चालंल अशी एसी करणारा डबा, बॅटरीवाला नव्हे. तो पार्किंगमध्ये मीटरशेजारी लावायचं ठरत होतं, तेव्हा वॉचमन मामा उठले आणि भिंतीवरची २०१९ च्या पुराची खूण दाखवली, माझ्या छातीला लागते. २०२१ ला पण पाणी आत आलेलंच. आता इन्व्हर्टर वर जिन्याच्या खोलीत आहे, केबलचे पैसे जास्त गेले पण पावसाळ्यात झोप लागते.

आता तक्रार. स्ट्रक्चरचे बोल्ट मारताना गच्चीचं वॉटरप्रूफिंग फोडलं आणि जूनमध्ये वरच्या फ्लॅटच्या बेडरूममध्ये गळायला लागलं, रोज फोन करून तीन आठवड्यांनी माणूस आला. त्या घरात लहान बाळ होतं, मला अजून राग आहे. लाईट गेली की सोलर पण बंद पडतंय हे पण आधी सांगितलं नाही. सोलरची वीज बाहेरच्या लाईनमध्ये जाऊन तिथं काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून तसंच असतं, बरोबरच आहे, पण सांगायला पाहिजे होतं.

उन्हाळ्यात दिवसाला ४०-४५ युनिट येतात, जुलैच्या झडीत कधी १० वर पण येतंय, उरलेली युनिटं नेट मीटरमधून (घेतलेली आणि परत दिलेली, दोन्ही वीज मोजणारा मीटर) बिलात वळती होतात.

बसवणार असाल तर मीटिंग गच्चीवरच घ्या, दुपारी चारला, टाकीची सावली कुठवर येते ते तिथंच दिसतंय. आमची दोन पॅनेल त्यामुळंच सरकवली.