प्रोटॉक की फ्लॅटसी, नवीन प्रोजेक्टला काय लावायचं?

जेसन (मजकुराच्या रूपातला डेटा) पाठवून पाठवून डेटाचं बिल वाढलं की टीममधे कोणीतरी एक दिवस म्हणतंच, अरे बायनरी करू ना. मग स्कीमाची (मेसेजमधे कुठली फील्ड्स, कुठल्या टाइपची) एक फाइल लिहायची, टर्मिनलवर एक कमांड मारायची, की एनकोड-डिकोडचा सगळा कोड पाहिजे त्या भाषेत आयता मिळतो. इथपर्यंत सगळे सारखेच. वाद होतो तो कमांड कुठली, प्रोटॉक की फ्लॅटसी, यावर, आणि लोक लगेच बेंचमार्कचे तक्ते काढून बसतात, जे माझ्या मते सगळ्यात शेवटी बघायचं असतं. आधी हे बघा की डेटा घेणारा मेसेज पूर्ण वाचणार आहे का त्यातली दोन-चार फील्ड्स चाळून सोडून देणार आहे.

प्रोटॉक म्हणजे गूगलच्या प्रोटोकॉल बफर्सचा (थोडक्यात प्रोटोबफ) कंपायलर, २००८ ला ओपन सोर्स झाला. फ्लॅटसी हा फ्लॅटबफर्सचा, तोही गूगलमधूनच २०१४ ला आला पण गेम्स डोळ्यासमोर ठेवून, कारण तिथे फाइल लोड होताना पार्सिंगमधे वेळ गेलेला चालत नाही. टेन्सरफ्लो लाइटची (मोबाइलवर एआय मॉडेल चालवायची गूगलची लायब्ररी, आताचं लाइटआरटी) मॉडेल फाइल आतून फ्लॅटबफरच असते, कारण तेच, मोठी फाइल मेमरीत मॅप करायची आणि लागेल तेवढंच वाचायचं.

एकदम छोटं उदाहरण घेऊ. स्कीमात एकच पूर्णांक, व्हॅल्यू १५०. प्रोटोबफमधे हा मेसेज ३ बाइट, हेक्समधे ०८ ९६ ०१. पहिला बाइट सांगतो की फील्ड नंबर १ आहे आणि पुढे व्हॅरिंट (लहान आकडा कमी बाइटमधे बसवायची पद्धत) येतोय, मग प्रत्येक बाइटमधे ७ बिट डेटा आणि वरचा बिट म्हणजे "थांब, अजून आहे". तोच १५० फ्लॅटबफरमधे २० बाइट होतो: रूट ऑफसेटचे (मुख्य टेबल कुठे आहे तो आकडा) ४, पॅडिंगचे २, व्हीटेबलचे (कुठलं फील्ड कुठे आहे ती यादी) ६ आणि टेबलचे ८. म्हणजे प्रोटोबफ जिंकला, विषय संपला असं वाटेल, पण ते ३ बाइट वापरायचे तर आधी डिकोड करून ऑब्जेक्ट बनवावा लागतो, फ्लॅटबफरमधे बफर हातात आला की ऑफसेटवरून उडी मारून थेट फील्ड वाचायचं, डिकोड नावाची पायरीच नाही.

व्हॅरिंटची एक खोड मला चांगलीच नडली आहे. कोल्ड स्टोरेजच्या सेन्सरसाठी मी तापमानाला साधं इंट३२ (३२ बिटचा पूर्णांक) टाकलं होतं. उणे आकडा इंट३२ मधे गेला की पूर्ण १० बाइट खातो, आणि कोल्ड स्टोरेज म्हटल्यावर तापमान उणेच असणार ना! तिथे एसइंट३२ पाहिजे होतं, त्यात झिगझॅग करून (उणे आणि अधिक आकड्यांना आलटून पालटून नंबर देऊन) उणे १८ चा ३५ होतो आणि एका बाइटमधे बसतो. बरं कळल्यावर नुसता टाइप बदलून टाकावा तर तेही नाही, कारण जुन्या डिव्हाइसने पाठवलेला उणे १८ नवीन सर्व्हरला २१४,७४,८३,६३९ दिसला असता. प्रोटॉक यावर चकार शब्द काढत नाही, कोड मुकाट्याने जनरेट करून देतो. शेवटी नवीन नंबरचं फील्ड घेतलं आणि जुना नंबर परत कोणी वापरू नये म्हणून रिझर्व्ह्ड केला.

फ्लॅटसीचा जाच वेगळा आहे, तो लिहिताना होतो. आतल्या वस्तू आधी बनवायच्या, बाहेरचं टेबल नंतर, टेबल चालू केलं आणि मग आठवलं की स्ट्रिंग राहिली, तर असर्ट फुटतो, म्हणजे प्रोग्रॅम तिथेच थांबतो. नवीन फील्ड टेबलच्या शेवटीच टाकायचं, नाहीतर प्रत्येकाला आयडी द्यायचा. बाहेरून आलेला बफर असेल तर व्हेरिफायर (बफर धड आहे का ते तपासणारा कोड) आपणहून चालवायचा, लोक हे हमखास विसरतात. पण कन्फॉर्म म्हणून एक फ्लॅग आहे, जुना स्कीमा दिला की नवीन त्याच्याशी जुळतो का ते तपासून देतो, ते मला भारी आवडतं. शिवाय जेसनवरून बायनरी आणि बायनरीवरून जेसन, दोन्ही त्याच कमांडने होतं.

प्रोटॉककडे डीबगिंगला डिकोड-रॉ आहे, स्कीमा जवळ नसला तरी बाइट्स पाइप केले की फील्ड नंबर आणि व्हॅल्यू समोर. त्रास इन्स्टॉलचा. गो भाषेचं प्लगिन वेगळं घ्यावं लागतं, ते पाथमधे नसलं की नवीन माणसाची पहिली संध्याकाळ त्यातच जाते. प्रोटोबफच्या लायब्ररीचं व्हर्जनही जुळायला लागतं, २०२२ ला तिच्या पायथन आवृत्तीचं ४.२१ आलं तेव्हा जुन्या प्रोटॉकने काढलेला कोड इम्पोर्टलाच अडायचा. फ्लॅटसीच्या सी-प्लस-प्लस हेडरमधेही व्हर्जनचा चेक आहे, पण तो कंपाइल करतानाच अडवतो, रात्री दोनला प्रॉडक्शनवर नाही.

कॅप्न प्रोटो म्हणून याच कामाचा तिसरा पर्याय आहे, प्रोटोबफवर आधी काम केलेल्या केंटन वार्डाने २०१३ ला काढलेला. स्कीमाच्या फाइलमधे आयडी नसला तर कंपायलर चिडतो आणि वर स्वतःच एक बनवून देतो की घे, ही ओळ टाक. टीम पूर्ण सी-प्लस-प्लसची असेल तर जरूर बघा, चार भाषा असतील तर मी त्या वाटेला जाणार नाही.

तर अ‍ॅप आणि सर्व्हर, किंवा सर्व्हिसेसची आपापसातली बोलणी, जीआरपीसी (एका सर्व्हिसने दुसरीचं फंक्शन नेटवर्कवरून बोलवायची पद्धत), सेन्सरचे छोटे मेसेज, इथे डोळे झाकून प्रोटॉक. एकदा लिहून हजारदा वाचायची मोठी फाइल, मॅप, गेमचा डेटा, असं असेल तर फ्लॅटसी, लिहिण्याचा जाच सोसून. आणि प्रोटॉक घेतलात तर १ ते १५ हे नंबर सतत जाणाऱ्या फील्ड्सना ठेवा, त्यांचा टॅग (फील्ड नंबर सांगणारा सुरुवातीचा भाग) एका बाइटमधे बसतो, १६ पासून दोन लागतात, मी पहिले पाच नंबर कधीच न भरल्या जाणाऱ्या "रिमार्क्स" छाप फील्ड्सना देऊन बसलोय.