ट्रू स्ट्राइक: बोनस अ‍ॅक्शन की २०२४चा नियम?

कोथरूडच्या आमच्या रविवारच्या डावात ट्रू स्ट्राइक हा मंत्र कुणीच घेत नाही, आणि मला त्याचं वाईट वाटतं. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या फाशांवर चालणाऱ्या भूमिका-खेळाच्या २०१४च्या नियमांत हा मंत्र अख्खी अ‍ॅक्शन (पाळीतली मुख्य कृती) खातो आणि पुढच्या पाळीत एकाच वाराला अ‍ॅडव्हांटेज (दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायची मुभा) देतो. नेम लागण्याची शक्यता ६० टक्के धरा. दोन पाळ्या साधे वार केले तर सरासरी १.२ वार बसतात. पहिल्या पाळीत मंत्र म्हटला आणि दुसऱ्या पाळीत एकच वार केला तर ०.८४. म्हणजे मंत्र म्हणणाराच तोट्यात!

पहिला उपाय घरगुती: मंत्र बोनस अ‍ॅक्शनवर (मुख्य कृतीखेरीज मिळणाऱ्या छोट्या कृतीवर) आणायचा, अ‍ॅडव्हांटेज त्याच पाळीत. करायला सोपं. पण हाय एल्फ वंशाच्या 'रोग'ने, म्हणजे चोरट्या पात्राने, तो घेतला की दर पाळीला स्नीक अटॅकची (अ‍ॅडव्हांटेज असला की मिळणाऱ्या जादा इजेची) सोय झालीच. कॅन्ट्रिपला, म्हणजे हवा तितक्या वेळा म्हणता येणाऱ्या साध्या मंत्राला, हे फार होतं.

दुसरा २०२४चा: मंत्रातच शस्त्राचा वार, तोही ताकद-चपळाईऐवजी मंत्रविद्येच्या गुणावर. पाचव्या पातळीपासून जादा १डी६ (एका सहा बाजूंच्या फाशाइतकी) इजा. काटकुळ्या विझार्डचा (जादूगाराचा) क्रॉसबोही मग नेमका लागतो. माझं मत यालाच. क्षणभर थांबून शत्रूची कच्ची बाजू हेरण्याचं जुनं चित्र मात्र त्यात हरवलं, याची हळहळ वाटते.