संरक्षणाचा रुपया की दवाखान्याचा?

सातारा जिल्ह्यातल्या आमच्यासारख्या फौजी घरात हा प्रश्न काढायलाच जीभ जड होते. वडील सैन्यातून निवृत्त, चुलतभाऊ अजून सीमेवर. तरी अर्थसंकल्प आला की वाढीव पैसा कुठं जावा यावर मत करावंच लागतं. माझं झालंय. तुमचं व्हायचं असेल, तर मला काय दिसलं ते सांगतो.

२०२५-२६ मध्ये केंद्रानं संरक्षणाला सुमारे ६.८१ लाख कोटी दिले, आरोग्य मंत्रालयाला जेमतेम एक लाख कोटी. पण नुसते हे दोन आकडे शेजारी मांडून कुणी वाद घालत असेल, तर तो अर्धवट आहे. आरोग्य राज्यसूचीतला विषय आहे, दवाखान्यांचा बराचसा भार राज्याची तिजोरी उचलते. संरक्षण मात्र एकट्या केंद्राच्या डोक्यावर. शिवाय त्या ६.८१ मधले १.६१ लाख कोटी निवृत्तिवेतनाचे. आमच्या घरची चूल त्यावर पेटते, आणि ते कमी करा असं मी कधीच म्हणणार नाही.

संरक्षणाच्या बाजूनं आणखी एक गोष्ट मला पटते. तिथं हात आखडला तर ऐनवेळी भरून काढता येत नाही. राफेलचा करार २०१६ चा, पहिली विमानं अंबाल्याला उतरली जुलै २०२० मध्ये, गलवान खोऱ्यात चीनशी झटापट होऊन गेल्यावर.

मग माझं पारडं फिरलं कशानं? एका चिठ्ठीनं.

वडिलांना मधुमेह आणि चुलतीलाही. वडिलांची औषधं माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेतून, म्हणजे संरक्षणाच्याच पैशातून. एखादं औषध शिल्लक नसलं तर बाहेरून घेऊन बिल लावता येतं. चुलते शेतकरी, त्यामुळे चुलती ग्रामीण रुग्णालयात जाते. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत, केसपेपरलाही पैसे पडत नाहीत. डॉक्टर नीट तपासतात, बोलतात. औषधाच्या खिडकीवर मात्र रक्तदाबाच्या गोळ्या हातात पडतात आणि सोबत बोटभर कागदाचा तुकडा : “इन्सुलिन बाहेरून घ्या.” केसपेपरवर त्याची नोंद नसते. मेडिकल फाटकासमोरच आहे. कांद्याचे पैसे आले की ती पूर्ण घेते, नाही आले की डोस तोडून टोचते आणि विचारलं तर “बरं वाटतंय की” म्हणते. एकाच वाड्यात, एकाच दुखण्याला दोन न्याय. हे मला सहन होत नाही.

परिस्थिती सुधारतेय, हेही खरं. देशात आरोग्यावर होणाऱ्या दर शंभर रुपयांत लोकांच्या खिशातून जाणारे २०१३-१४ मध्ये ६४ होते, २०२१-२२ मध्ये ३९ झाले. पण २०१७ च्या आरोग्य धोरणानं २०२५ पर्यंत सरकारी खर्च जीडीपीच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचं ठरवलं होतं. २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता. जास्त पैसा आला की खिडकीवर औषध येईलच, असंही छातीठोक सांगवत नाही. खरेदी हेही दुखणं आहेच, त्यासाठी राज्यानं २०२३ मध्ये स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा केला.

सीमेवरचा धोका तुम्हाला माझ्यापेक्षा मोठा वाटत असेल, तर संरक्षणाकडे झुकणंही चूक नाही. माझं मत असं, की संरक्षणाचं आहे ते राहू द्यावं, पण पुढची वाढ आधी आरोग्याला मिळावी, केंद्रातून आणि राज्यातूनही. आणि आमदारांकडे मागणी न्याल तेव्हा नवी इमारत मागू नका. तीन महिन्यांचा औषधसाठा मागा, आणि बाहेरून आणायला सांगितलेलं प्रत्येक औषध केसपेपरवर लिहिलं जावं, हेही मागा.